पाण्याची खूण

आमच्या गावचा जुना पूल वर्षातले आठ महिने पूल असे. उरलेले चार महिने तो कधी पूल असे, तर कधी नदीचा तळ. सकाळी दूध घालायला पलीकडे गेलेला माणूस दुपारी जेवायला घरी येईलच अशी खात्री कोणी देत नसे. ‘आज पूल आहे का हो?’ हा प्रश्न आमच्याकडे अगदी सहज विचारला जाई, आणि पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेला एखादा शहरी जावई तो ऐकून बुचकळ्यात पडे. पूल म्हणजे काय मंडईतली भाजी आहे, की आज आली, उद्या नाही? पण आषाढ-श्रावणात आमच्या गावची तऱ्हाच तशी होती.

खरे म्हणजे पूल हा शब्दही त्याला जरा मोठाच होत होता. आम्ही त्याला फरशी म्हणत असू. नदीच्या पात्रात सिमेंटचे जाडजूड नळ एकाशेजारी एक टाकायचे, त्यांच्यावर काँक्रीटचा सपाट थर घालायचा, दोन्ही कडांना हात-हात उंचीचे दगड चुन्याने रंगवून उभे करायचे, की झाली फरशी. कठडा नाही. हा कठडा का नाही, याचे लहानपणी मला मोठे कोडे पडे. सरकारचे पैसे संपले असतील, अशी मी माझ्यापुरती समजूत करून घेतली होती. पुढे एका जाणत्या माणसाने सांगितले, की कठडा मुद्दामच ठेवत नाहीत. पुरात वाहून आलेले ओंडके आणि झाडोरा कठड्यात अडकतो, त्याच्यामागे पाणी तुंबते, आणि त्या तुंबलेल्या पाण्याच्या रेट्याने सगळी फरशीच उखडली जाण्याची भीती असते. पाण्याने खुशाल वरून जावे, हे त्या बांधणीत मुळातच धरून चाललेले असते. बुडीत पूल हा बुडायचाच!

आमचे गाव राजापूर तालुक्यातले. कोकणातली नदी देशावरच्या नदीसारखी शांत, पोक्त नसते. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंत आमची सगळी भूमी ती किती? जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरांची उतरण. घाटमाथ्यावर सकाळी पाऊस कोसळला, की दुपारपर्यंत त्याचे लाल पाणी आमच्या दारात. चढते तसेच ते उतरतेही झपाट्याने. त्यामुळे पूर म्हणजे आमच्याकडे एखादा तापट पाहुणा. येतो काय, आदळआपट करतो काय आणि निघून जातो काय! मात्र घाटावर पावसाची झड लागून राहिली, म्हणजे हा पाहुणा तीन-तीन दिवस मुक्काम ठोकतो.

फरशीच्या आधी तिथे साकव होता. तो मी पाहिला, पण अगदी अंधुक. पोफळीचे सोट आडवे टाकून ते वेलीने आणि काथ्याने बांधायचे, आधाराला बांबू बांधायचा. दसरा झाला की दोन्ही वाड्यांतले गडीमाणूस जमून साकव घालीत, आणि मृगाच्या आधी तो काढून ठेवीत. काढला नाही, तर नदी काढून नेई. म्हणजे पावसाळ्यात पलीकडची वाडी ही पलीकडेच. १९६९ साली फरशी झाली तेव्हा वाडीने गावजेवण घातले होते, असे घरातली माणसे सांगत. मला त्यात नवल वाटत नाही. उन्हाळ्यात एस. टी. पलीकडे जाऊ लागली, आजाऱ्याला डोलीत घालून न्यायचे ते बैलगाडीतून नेता येऊ लागले. आज त्या फरशीला नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. तिने आठ महिने दिले होते. चार महिने काय ते तिच्याकडे मागायचे नव्हते.

या चार महिन्यांसाठी गावाने आपला एक कायदा केला होता. फरशीच्या मध्यावरचे तीन दगड इतरांहून उंच होते, आणि तेही एकसारखे नव्हते. तिन्ही दिसत असतील तर गाडी जाईल. दोन दिसत असतील तर गडीमाणसाने हातात काठी घेऊन जावे. एकच दिसत असेल, तर कोणीही जायचे नाही, मग घरी कोणाचे काहीही अडलेले असो. कुठल्या कागदावर हा कायदा लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला मी फार थोड्या वेळा पाहिला. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे गणित मी कॉलेजात शिकलो. आमचे लोक ते दगड मोजून शिकले होते. एस. टी.चा ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरे, विडी शिलगावून दगडांकडे पाही आणि कंडक्टरला नुसती मान हलवून दाखवी. तेवढ्यात उतारू समजून जात. मग काठावरच्या चहाच्या खोपटात बैठक बसे. कोणाच्या पिशवीतला चिवडा बाहेर निघे, कोणाचे कुळकथन सुरू होई. पाणी उतरेपर्यंत एखादी सोयरीकसुद्धा तिथे जुळून जाई. आमच्या गावासारखे निवांतपणे थांबणारे लोक मी इतरत्र पाहिले नाहीत.

तुम्ही म्हणाल, केवढी ही मौज! मौज होती हे खरे, पण ती अलीकडच्या काठाची. दवाखाना अलीकडे, शाळा अलीकडे, रेशनचे दुकान अलीकडे, ग्रामपंचायतही अलीकडे. पलीकडे चाळीस उंबऱ्यांची वाडी आणि तिच्या पाठीला डोंगर. शाळेला ‘पाण्याची सुट्टी’ मिळाली म्हणून आम्ही अलीकडची पोरे भाताच्या खाचरांत चिखल तुडवीत हिंडत असू. पलीकडच्या मुलांना मात्र शाळा भरली तरी सुट्टीच असे, आणि हजेरीपटावर ती गैरहजेरी म्हणून लागे. लावणीच्या ऐन दिवसांत कोणाचा तरवा या काठी तयार आणि खाचर त्या काठी, असेही होई. उंच पूल परवडत नाही म्हणून बुडीत पूल बांधायचा, हा हिशेब कागदावर चोख आहे. वाचलेले पैसे कोणीतरी भरतच असते. आमच्याकडे ते ती वाडी भरत होती, पावसाळ्यामागून पावसाळा.

माझ्या आत्याला त्याच वाडीत दिलेले होते.

सासर आणि माहेर यांमधले अंतर म्हणाल, तर एका हाकेचे. आमच्या ओटीवर कंदील टांगला की तो तिला आपल्या अंगणातून दिसे. तिला याहून मोठ्या घरची दोन स्थळे सांगून आली होती म्हणतात. पण ‘लेक डोळ्यांसमोर राहील’ म्हणून आजीने हेच पसंत केले.

१९७६ सालच्या आषाढात आजीने अंथरूण धरले. मी तेव्हा सातवीत होतो. पावसाला खळ नव्हता, आणि फरशीवरून दोन दिवस पाणी चालले होते. तीनांतला एकही दगड दिसत नव्हता. दिव्याच्या अवसेच्या आदल्या रात्री आजी गेली. उजाडताच वडील नदीवर गेले, आणि कोणी नको म्हणायच्या आत मीही त्यांच्यामागून गेलो. पलीकडे वाडीत चढणारी दगडी पाखाडी आहे, तिच्यावर आत्या उभी होती. आमच्या ओटीवरचा कंदील रात्रभर आतबाहेर होताना तिने पाहिला होता, आणि झुंजुमुंजू झाल्यापासून ती तिथे येऊन उभी होती. पाण्याच्या आवाजात हाक पोचण्यासारखी नव्हती. वडिलांनी दोन्ही हात वर केले आणि तसेच खाली सोडले. ती मटकन पायरीवर बसली.

त्या काळी बायका मसणात जात नसत. आई, काकू आणि शेजारणी ओटीवरच राहिल्या. आमचे मसण नदीच्या अलीकडच्या काठावर, आत्या बसली होती तिच्या जवळजवळ समोर. वरून झापांचा आडोसा धरून, रॉकेल ओतून, ओली लाकडे कशीबशी पेटवली. घरच्या बायकांपैकी आजीची चिता पाहिली ती एकट्या आत्याने. पाणी अजून चढतच होते. ते एक पायरी चढे, तशी ती एक पायरी वर सरके आणि पुन्हा बसे. मी हे अलीकडून पाहत होतो. तिच्या घरची माणसे येऊन तिला उठवू पाहत होती, पण ती उठली नाही. तिन्हीसांजेला पाणी फिरले तेव्हा ती पाखाडीवरच्या चाफ्याच्या खाली, दुसऱ्या पायरीवर होती. ती आमच्या घरी आली ती तिसऱ्या दिवशी, दोन दगड दिसू लागल्यावर, नवऱ्याचा हात धरून. आली ती थेट माजघरात गेली, आणि आजीचा बिछाना होता त्या जागी भिंतीला टेकून बसली.

त्यानंतर कितीतरी वर्षे तिने त्याविषयी चकार शब्द काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही. फरशी तशीच राहिली. उंच पुलासाठी अर्ज होत राहिले. ‘वर्दळ कमी’ असा शेरा एका कागदावर मी स्वतः वाचला आहे. वर्षाला चार महिने जिथून जाण्याची सोयच नाही, तिथे वर्दळ कुठून मोजणार, हा प्रश्न शेरा लिहिणाऱ्याच्या मनात आला नसावा.

मग २ ऑगस्ट २०१६ची रात्र आली. महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. अंधारात आणि पावसात दोन एस. टी. गाड्या आणि काही माणसे घेऊन जाणारी इतर वाहने त्या खिंडारात गेली. त्यांतली एक गाडी जयगड-मुंबई आणि दुसरी राजापूर-बोरिवली. ही दुसरी आमची. आमची म्हणजे आमच्या सबंध तालुक्याची. मुंबईला नोकरी करणाऱ्या आम्हा चाकरमान्यांपैकी असा कोण होता, की ज्याने त्या गाडीची खिडकीजवळची जागा कधी धरली नव्हती? त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत घरोघरी फोन वाजत होते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा आवाज ऐकून आधी सुटकेचा श्वास टाकी आणि मग त्या श्वासाची त्यालाच लाज वाटे. काही दुर्दैवी जीव पुढे कित्येक किलोमीटरांवर, थेट समुद्राच्या काठाला सापडले. जवळच राहणाऱ्या एका गॅरेजवाल्याने पूल गेल्याचे ओळखून येणाऱ्या गाड्या थांबवल्या, म्हणून आणखी अनर्थ टळला.

सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. महामार्गाला पूल लागतो तेव्हा तो किती लवकर होऊ शकतो, हे तेव्हा सगळ्यांना दिसले. त्या दुर्घटनेनंतर राज्यातल्या जुन्या पुलांच्या तपासण्या सुरू झाल्या, आणि त्या धांदलीत आमच्या फरशीचा कागदही कुठल्यातरी ढिगाऱ्यातून वर आला. आमच्या पुलाला मात्र १६५ दिवसांहून पुष्कळच अधिक लागले.

२०१८च्या जानेवारीत दोन तरुण इंजिनिअर मोजणीला आले. मी तेव्हा गावीच होतो. तिपाईवर दुर्बीण बसवायची, समोर आकड्यांची लांब पट्टी धरून एकाने उभे राहायचे, असे त्यांचे दोन दिवस चालले होते. त्यांचा पहिला प्रश्न मला मोठा नवलाचा वाटला. ते विचारीत होते, ‘आजवर सगळ्यांत मोठे पाणी कुठवर आले होते?’ मला वाटे, हे सगळे यंत्रांना कळत असेल. पण ज्या लहान नदीवर पाणी मोजण्याची सोय कधी नव्हती, तिच्या पुराची उंची ठरवायला गावातल्या वृद्ध माणसांना विचारणे ही त्यांच्या शास्त्राचीच रीत आहे. पुलाची उंची या एका आकड्यावर उभी असते. तो कमी धरला तर पूल बुडणार, आणि उगाच जास्त धरला तर खर्च वाढून पूलच रद्द होणार.

आता अशा प्रश्नाला आमच्या गावात उत्तरांची वाण कधीच नव्हती. एकाने देवळाची दीपमाळ दाखवली. दुसऱ्याने आंब्याची दुबेळकी दाखवली, आणि आपण तिच्यावर बसून पाण्यात पाय सोडले होते, अशी वर पुस्तीही जोडली. मोठे पाणी सांगताना पुरुष आपला हात जरा उंचच धरतात, असे माझे मत आहे. इंजिनिअर सगळे लिहून घेत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ वाढत होता.

तेवढ्यात आत्या काठी टेकीत पाखाडी उतरून आली. तेव्हा तिची सत्त्याहत्तरी उलटली होती. तिला कोणी बोलावले नव्हते. ती चाफ्यापाशी थांबली, दोन पायऱ्या मोजल्या आणि काठीने पायरीवर टकटक केले.

“ही. ह्या पायरीला पाणी लागलं आणि फिरलं. ही बुडाली नाही.”

“आजी, नक्की हीच?” त्या मुलाने विचारले.

“हीच रे बाळा. मी हिच्यावरच बसल्ये होत्ये. बुडाली असती तर आणखी वर सरकायला लागलं असतं.”

त्याने साल विचारले. तिने सांगितले. आपण का बसलो होतो, ते तिने सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. मी शेजारीच उभा होतो. बेचाळीस वर्षांत त्या दिवसाविषयी तिने काढलेले हे पहिले शब्द, आणि तेही एका परक्या मुलाशी.

तो मुलगा कामाला चोख होता. तेवढ्यावर त्याने विश्वास ठेवला नाही. मसणाजवळच्या फणसाला त्या दिवशी पाणी कुठे लागले होते, हे आमच्याकडच्या एकदोघांना आठवत होते. त्याने तीही खूण मोजली, आणि दोन काठांवरच्या दोन खुणांत वीतभरसुद्धा फरक निघाला नाही. मग वरच्या डोंगराचे क्षेत्र, पावसाचे आकडे, पात्राचा उतार असले त्याचे गणित पुष्कळ दिवस चालले असेल. पण त्या दिवशी संध्याकाळी त्याने चाफ्याखालच्या दुसऱ्या पायरीच्या कडेला तांबड्या रंगाची आडवी रेघ ओढली, ती मी पाहिली. या पूररेषेच्या वर १.२ मीटर मोकळी जागा सोडायची, म्हणजे पुरातली झाडे खालून निघून जातील, आणि त्याच्यावर पुलाच्या तुळया, असे त्याने आम्हाला समजावून सांगितले.

पुढची हकीकत तुमच्या गावीही घडलेली असेल, म्हणून लांबवत नाही. जोडरस्त्यासाठी कोणाची कलमे जायची यावर दोन गणपती भांडणात गेले. मग टाळेबंदी आली. २०२१च्या जुलैत खांब पात्रातून वर येत होते. २२ तारखेला चिपळूण बुडाले. महाबळेश्वरात त्या सुमारास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या नदीने त्या दिवशी कंत्राटदाराच्या फळ्या, पहाड, सिमेंट मिसळायचे यंत्र, सगळे उचलून नेले. खांब राहिले, कारण ते खालच्या काळ्या कातळात रोवलेले होते. मी मुंबईहून आत्याला फोन केला.

“पाणी कुठवर आलंय?”

“रेघेच्या एक पायरी खाली आहे,” ती म्हणाली. “चढत नाही आता.” तिने नातवाला दर अर्ध्या तासाने पाहायला पाठवले होते.

मे २०२३मध्ये पूल सुरू झाला. तीन गाळ्यांचा आहे, आणि त्याला चांगला कमरेच्या वर कठडा आहे. त्या पावसाळ्यात वाडीची मुले रोज शाळेत गेली. चहाचे खोपट मोडले. त्याच्या मालकाने पुलाच्या टोकाशी टपरी घातली आहे, पण तिथे आता कोणी बसत नाही. उभ्या उभ्या चहा पितात आणि जातात. याचे वाईट वाटते असे म्हणणारे आमच्यात काही लोक आहेत. ते सगळे अलीकडच्या काठाचे आहेत, एवढे मी नमूद करतो.

जुनी फरशी फोडायची की ठेवायची, हा वाद मात्र दोन वर्षे चालला. गुरांना न्यायला जवळ पडते, असे काहींचे म्हणणे. तिच्या नळांत झाडोरा अडकून पाणी तुंबते आणि काठ खातो, असे दुसऱ्यांचे. १५ जून २०२५ला मावळातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार माणसे गेली. ती बातमी आली त्या आठवड्यात आमच्याकडचा वाद बंद पडला. फरशीच्या दोन्ही टोकांना चर खणून वाट मोडली आहे. मधले तीन दगड अजून उभे आहेत. पुलावरून जाताना जुनी माणसे कठड्यावरून वाकून ते मोजतात, आणि मोजून झाल्यावर पुलावरून पुढे जातात.

गेल्या गणपतीत मी आत्याकडे गेलो होतो. पाऊस धो धो पडत होता. रिक्षा थेट तिच्या दारापर्यंत गेली, कारण जोडरस्त्याच्या भरावाने पाखाडीचा खालचा भाग गिळून टाकला आहे. चाफा वाचला. त्याच्या खालच्या पायऱ्या मात्र सगळ्या मातीखाली गेल्या, आणि तांबडी रेघही गेली. मी ते तिला बोलून दाखवले.

“बरं झालं,” ती म्हणाली. मग तिने आत पाहून सुनेला चहा टाकायला सांगितला, आणि मला विचारले, “रात्री राहणार आहेस, की जाणार परत?”

“जातो,” मी म्हणालो. “पूल आहे की आता.”

“मग जेवून जा,” ती म्हणाली.